बडेबाबूंनी चार्ज दिला

आमच्या शेजारच्या झाडे बडेबाबूंच्या दाराची बेल वाजवली की दार उघडत नसे. आधी आतून प्रश्न येई, "विषय?"

बोरगाव मेघेच्या ले-आऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या नव्या वस्तीत, आम्ही नवे राहायला आलो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी वाटी घेऊन विरजण मागायला गेले. आतून आलं, "विषय?" मी गडबडले. म्हटलं, "विरजण." आत थोडा विचार झाला. "साधं का तातडीचं?" मी म्हटलं, "अहो, दूध कोमट करून ठेवलंय." "म्हणजे तातडीचं," असं म्हणत कडी निघाली आणि एक उंच, किडकिडीत गृहस्थ दारात उभे राहिले. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. मला वाटलं, शेजार मोठा चेष्टेखोर मिळाला. महिन्याभरात कळलं की या माणसानं जन्मात कधी चेष्टा केलेली नाही.

बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेली, त्यातली अकरा सेलूला. रिटायर होऊन बरेच दिवस झाले होते, पण कचेरी काही अंगातून निघत नव्हती. दूधवाला दोन दिवस आला नाही तर ते त्याच्याकडे 'खुलासा' मागत. लाईट गेली की "वरून आदेश असन" म्हणून स्वस्थ बसत. काकूंनी सकाळी विचारावं, भाजी काय करू, तर हे म्हणणार, "प्रस्ताव ठेवा." काकू रोखठोक बाई. "प्रस्ताव गेला चुलीत. वांगे चिरून राह्यली मी, खायचे असन तर खा."

कुठल्याही गोष्टीला ते हो म्हणत नसत, आणि नाहीही म्हणत नसत. "ठेवा, पाहू," हे त्यांचं पेटंट उत्तर. ले-आऊटच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष व्हा म्हणून चार जण विनंती करायला गेले होते, त्यांनाही "ठेवा, पाहू." गणपतीचं विसर्जन झालं तरी बडेबाबू पाहूनच राहिले होते.

मी शाळेत गणित शिकवते. मध्यंतरी तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला, ही माझ्या हातून घडलेली मोठी चूक. आमच्या यांनी ते सर्टिफिकेट फ्रेम करून बैठकीत लावलं, आणि त्या दिवसापासून ले-आऊटमध्ये कोणाचाही कॉम्प्युटर शिंकला तरी बोलावणं मला. खरं सांगते, मला त्यातलं निम्मं कळायचं आणि उरलेलं निम्मं कळल्यासारखं तोंड करता यायचं. मास्तरकीत हे जमतंच.

बडेबाबूंची मुलगी वैशाली अमेरिकेत. दोन हजार सालानंतरचे दिवस ते, घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले होते. वैशाली सुट्टीवर आली तेव्हा तिनं आई-बापांना कॉम्प्युटर घेऊन दिला, त्यावर कॅमेरा बसवला आणि एकमेकांना पाहत बोलायची सोय करून दिली. दर रविवारी सकाळी नऊला तिचा कॉल. काकू त्या सोयीला 'निळं' म्हणत, कारण त्याचं चित्र निळं होतं. बडेबाबूंनी लगेच आवक-जावक रजिस्टर घातलं. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. 'रविवार, नऊ वाजून पाच मिनिटे. आवक. विषय: प्रकृती, थंडी, नातवाचा दात. निर्णय: दात येऊ द्यावा.'

दसऱ्याला काकूंनी विळी-कोयत्यासोबत कॉम्प्युटरचीही पूजा केली आणि हळद-कुंकवाचं बोट नेमकं कॅमेऱ्याच्या डोळ्यावर टेकवलं. पुढच्या रविवारी वैशालीला आई-बाप दिसेनात, नुसता लाल-पिवळा उजेड. ती घाबरून ओरडायला लागली, "आई, घरात आग लागली का?" मी ओलं फडकं घेऊन डोळा पुसायला गेले तर काकू म्हणाल्या, "कोपऱ्याले थोडंसं राहू दे व, पूजा मोडू नाई." तेव्हापासून वैशालीला बाबांचा डावा कान कायम पिवळा दिसे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक दिवस निळ्यातून इंग्रजीत एक चौकट उगवली. ही जुनी सेवा महिनाअखेर बंद होत आहे, नव्या सुधारलेल्या सेवेत या. बडेबाबूंनी चौकट तीनदा वाचली, कागदावर उतरवून काढली आणि कागद घेऊन माझ्याकडे आले.

"मॅडम, परिपत्रक आलं. पण खाली सही नाई."

"अहो, त्याला सही नसते."

"मंग ते परिपत्रक कायचं? बिनसहीच्या कागदावर मी छत्तीस वर्सात टाचणी हालवली नाई."

दोन दिवसांनी वैशालीचा मला फोन. "ताई, तुम्हीच काहीतरी करा. एकतीस तारखेनंतर मी त्यांना दिसणार नाही, आणि बाबा म्हणतात, सक्षम अधिकाऱ्याकडून पत्र आणा."

मी गेले आणि इंटरनेटवरून नवं उतरवायला घेतलं. त्यात दोन दिवस गेले, कारण अर्धं उतरलं की भारनियमनाची वेळ व्हायची, लाईट जायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी एकदाचं ते बसलं. त्याचं चित्र हिरवं होतं, म्हणून काकूंनी त्याचं नाव तिथल्या तिथे 'हिरवं' ठेवलं. मी हात झटकले. "झालं. आता जुनं काढून टाकू."

बडेबाबू खुर्चीतून ताडकन उठले. "काढून टाकू? चार्ज न देता?"

आता हे चार्ज प्रकरण सांगायला हवं. सरकारी कचेरीत साहेब बदलला की जुना साहेब नव्याला चार्ज देतो. कपाटं किती, किल्ल्या किती, चालू कामं कोणती, प्रलंबित कोणती, सगळ्याची यादी होते, दोघांच्या सह्या होतात, मगच जुन्यानं खुर्ची सोडायची. बडेबाबूंनी असे सतरा साहेब आणले आणि नेले होते. अठरावा आणि एकोणिसावा कॉम्प्युटरात बसले होते, त्यांच्या लेखी एवढाच काय तो फरक.

"आठ दिवस दोघंबी राहतीन," त्यांनी फर्मावलं. "जुने साहेब समजावून देतीन, नवे समजून घेतीन."

मी म्हटलं, बाप्पा, काय करायचं ते करा.

त्या रविवारी नऊ वाजता जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. वैशालीनं नव्यात कॉल केला, बडेबाबूंनी नवं उचललं. चेहरा दिसला पण आवाज येईना, म्हणून तिनं जुन्यातही कॉल केला. बडेबाबूंनी तेही उचललं, कारण चार्ज पुरता झालेला नव्हता. आता एका चौकटीत वैशाली तोंड हलवत होती, आणि दुसरीतून तिचा आवाज येत होता, पण तो मागच्या वाक्याचा. बडेबाबू म्हणाले, "हॅलो." जरा वेळानं त्यांचाच आवाज परत आला, "हॅलो." ते म्हणाले, "कोण?" तिकडून, "कोण?" बडेबाबू लाल झाले. "मी झाडे!" "मी झाडे!"

"मॅडम, हा कोण मले उलटून बोलून राह्यला?"

"वैशाली, कोणत्या डब्यात पाहू व तुले?" काकू मधूनच ओरडत होत्या.

मी ही वायर काढली, ती घातली, दोन्ही चौकटी उघडल्या, लहान केल्या, मोठ्या केल्या, आणि शेवटी घाम पुसून सगळंच बंद केलं. रजिस्टरात नोंद झाली: 'आवक दोन, व्यक्ती एक, विषय कळला नाही.' मी घरी येऊन डोक्याला तेल थापलं आणि दुपारपर्यंत पडून राहिले.

पुढच्या शनिवारी बडेबाबूंनी मला चार्जची यादी करायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी एकतीस, म्हणजे निळ्याचा शेवटचा दिवस. ते सांगत होते, मी लिहीत होते. वैशाली, एक. जावईबापू, एक. जाम गावी राहणारे त्यांचे एक जुने सहकारी, एक. या सहकाऱ्यांच्या कॅमेऱ्याचं तोंड छताकडे असायचं, त्यामुळे बडेबाबू दर महिन्याला त्यांच्या पंख्याशी तासभर गप्पा मारत.

हिरव्यानं विचारलं, जुन्यातली नावं घेऊ का? मी हो दाबलं. तिन्ही नावं टपटप हिरव्यात येऊन बसली. मग खाली एक ओळ आली: एक विनंती प्रलंबित आहे, ती नव्या सेवेत येणार नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"ते राहू द्या," बडेबाबू घाईघाईनं म्हणाले. "ते यादीत येत नाई."

छत्तीस वर्षांचा हेडक्लार्क म्हणतो, प्रलंबित काम यादीत येत नाही! मला राहवलं नाही. मी निळं उघडलं आणि तिथल्या एका बारीकशा प्रश्नचिन्हावर क्लिक केलं.

कोणी नव्यानं आपल्याशी बोलू इच्छित असलं की जुन्यात एक चौकट यायची, तिला तीन बटणं: हो, नाही, नंतर. इथे 'नंतर' दाबून ठेवलेलं होतं. वर त्या माणसानं लिहिलेली एक ओळ होती, इंग्रजी अक्षरांत मराठी. 'बाबा, मी प्रशांत. तुम्ही हो म्हटलं तरच बोलीन.' तारीख दोन वर्षांपूर्वीची.

प्रशांत हा बडेबाबूंचा मुलगा. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्याचा आवाज मला चांगला ओळखीचा होता. तो सिंगापूरला एका हॉटेलात स्वयंपाकी आहे, आणि दर गुरुवारी दुपारी, बडेबाबू जेवून झोपले की काकू आमच्याकडे येऊन त्याचा फोन घ्यायच्या. सरकारी नोकरीचा हुकूम हातात आलेला असताना तो रुजू झाला नाही आणि हॉटेलचं काम शिकायला निघून गेला. हुकूम आला आणि माणूस रुजू झाला नाही, हे बडेबाबूंच्या लेखी पापच. त्यांनी त्याला सांगितलं होतं, "तुह्यं नाव मी या घराच्या आस्थापनेवरून कमी केलं." त्याला नऊ वर्षं झाली. गुरुवारच्या फोनचं बडेबाबूंना काही माहीत नाही, असं काकूंना वाटायचं. मलाही वाटायचं.

"दोन वर्षं तुम्ही याला उत्तर दिलं नाही?" माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला.

"नाई म्हटलं नाई मी."

"पण हो पण नाही म्हटलं!"

ते खुर्चीत बसले. सदऱ्याचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं. "मॅडम, नामंजूर केलं तर फाईल बंद होते. मंजूर केलं तर टेबलावरून जाते. ठेवली, तर रोज पाहता येते." मग खाली बघत म्हणाले, "रोज सकाळी दहाले उघडतो मी. वाचतो, अन् बंद करतो."

ले-आऊटला वाटायचं, बडेबाबू दहाला बातम्या वाचतात.

काकू दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. "दोन वर्सं? अन् मले सांगतलं नाई?"

"तू गुरुवारचं मले सांगतलं होतं का?" बडेबाबू म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. वर्गात चोरी पकडली गेली की पोरं कशी उभी राहतात ते मला त्या दिवशी आतून कळलं.

"उद्या हे निळं बंद झालं का ही ओळ जाईन?" बडेबाबूंनी विचारलं.

"जाईल."

"लिहून ठेवली तर?"

"ओळ लिहाल हो. पण 'हो' म्हणायचं बटण काही कागदावर येणार नाही."

"ठेवा, पाहू," ते म्हणाले आणि आतल्या खोलीत निघून गेले.

रात्रभर माझा जीव नुसता चडफडत होता. आपला काय संबंध, असं शंभरदा म्हटलं, आणि सकाळी दहाला त्यांच्या दारात. नऊचा वैशालीचा कॉल हिरव्यात छान झाला होता. मी काहीही न करता सगळं आपोआप चालत होतं, ते कसं ते मला विचारू नका. निळ्याची चौकट मात्र एका कोपऱ्यात तशीच उघडी, आणि बडेबाबू टेबलावर कागद घेऊन टिप्पणी लिहीत बसलेले. 'सदर विनंतीबाबत सर्व बाबींचा साकल्याने विचार करता...' तीन कागद फाडून टाकलेले होते, चौथा चालू होता. बारा वाजता लाईट जाणार होती ती थेट संध्याकाळी येणार, आणि तोवर निळं जिवंत असेल की नाही, देव जाणे.

पावणेबारा झाले तरी साकल्यानं विचार चालूच. माझा संयम संपला.

"बडेबाबू, पोराला हो म्हणायला बापाला टिप्पणी लागते का हो? कोणाची मंजुरी पाहिजे तुम्हाला? कोण साहेब आहे तुमच्या वर?"

बोलून गेले आणि जीभ चावली. वडीलधारा माणूस. ते रागावतील म्हणून मी वाट पाहिली, पण ते रागावले नाहीत.

"मॅडम," ते म्हणाले, "मी हो म्हटलं, अन् तो बोललाच नाई तर? दोन वर्सं झाले. त्याच्या मनातून उतरलं असन तर? आजवर मी समजत होतो, पोरगा वाट पाहून राह्यला. हो म्हटल्यावर मले खरं कळन."

एवढी भीती त्या गळाबंद माणसाच्या आत होती आणि आम्ही वर्षानुवर्षं त्याच्या 'ठेवा, पाहू'ला हसत होतो. काकू पुढे आल्या.

"कळन तर कळू द्या," त्या म्हणाल्या. "गुरुवारी फोन आला का तो पयले काय इचारते, माहीत हाये? आई, बाबा झोपले का जागे हायेत? दर गुरुवारी. झोपले म्हटलं का त्याचा आवाजच पडते."

बडेबाबूंनी हातातलं पेन खिशाला लावलं. मग हळूच म्हणाले, "मी जागाच राहत होतो गुरुवारी."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. लिहीत होते तो कागद उलटा करून ठेवला. मग माझ्या हातातला माऊस मागून घेतला, बाण नेमका बटणावर नेईपर्यंत दोनदा चुकला, आणि त्यांनी स्वतःच्या बोटानं 'हो' दाबलं.

काहीच झालं नाही. प्रश्नचिन्ह गेलं आणि त्या जागी प्रशांतचं नाव आलं, बाजूला करड्या रंगाचा ठिपका. मी घाईघाईनं ते नाव हिरव्यात ओढून घेतलं. तिथेही ठिपका करडाच. आम्ही तिघं त्या ठिपक्याकडे बघत बसलो. "कामावर असन," काकू म्हणाल्या. "तिकडं आता जेवणाची गर्दी असन." घड्याळात बाराला दहा कमी होते.

आणि हिरवं खणखणलं.

कोणी उचललं ते आठवत नाही, बहुतेक मीच. पडद्यावर पांढऱ्या टोपीतला एक माणूस आला, मागे पिठाची पोती. कपाळ पार मागे गेलेलं, मिशीत एखाद-दुसरा केस पांढरा. बडेबाबूंच्या चेहऱ्याचाच, पण कोवळा. तो बोलत होता, भरभर बोलत होता, आणि आवाज येत नव्हता. बडेबाबूंनी दोनदा "हॅलो" म्हटलं, ते तिकडे पोचलं नाही. तो कानाला हात लावून मान हलवत होता. नव्याचा आवाज कुठे अडकतो ते मला अजूनही कळलेलं नाही. मी धडपडत सेटिंग उघडायला गेले, तर बडेबाबूंनी माऊसवर पंजा ठेवला.

"राहू द्या, मॅडम."

"अहो, आवाज येत नाहीये! आता लाईट जाईल!"

"म्हणूनच म्हणतो. आवाज आला का मी पयले, तू रुजू काऊन झाला नाई, तेच इचारीन. माह्यं तोंड मले माहीत हाये." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "थोडा येळ नुसतं पाहू द्या त्याले."

मी हात मागे घेतला. पलीकडे प्रशांतही बोलायचा थांबला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि बापाकडे बघत तसाच उभा राहिला. काकूंना काही ते सहन होईना. त्यांनी नवऱ्याला खांद्यानं बाजूला सारलं, पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या आणि विचारलं, "जेवला का रे बाप्पा?"

त्याला काहीसुद्धा ऐकू जात नव्हतं. त्यानं मान हलवून हो म्हटलं.